हौशी वैमानिक आणि डॉक्टरांचा दाखला



आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल, "अहो, पेण-रोह्याकडच्या माणसांना हे कशाला सांगता? आमच्याकडे मोटारसायकल आहे, कुणाचा टेम्पो आहे, खाडीत कुणाची होडी आहे. विमान कुणाच्या अंगणात उभं आहे?" प्रश्न रास्त आहे. त्याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे की, विमान आता आपल्या जिल्ह्यात आले आहे. पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. जी गोष्ट रोज कानावर पडते, डोळ्यांसमोर येते, ती मुलांच्या मनात घर करते. एकेकाळी वर्गात "मोठेपणी कोण होणार?" असे विचारले की डॉक्टर, इंजिनियर, मास्तर अशी उत्तरे येत. आता मागच्या बाकावरची एखादी मुलगी हात वर करून "पायलट" म्हणाली, तर गुरुजींनी हसण्यावारी नेऊ नये. मात्र त्या मुलीने पहिले पाऊल कोणत्या दारात टाकायचे, हे गुरुजींना ठाऊक असायला हवे. ते दार विमानतळाचे नाही, डॉक्टरांचे आहे.

दुसरे उत्तर जरा खोलातले आहे. ज्याच्या हाती यंत्र दिले त्याची प्रकृती ठीक आहे, हे कुणी ठरवायचे? डॉक्टरांनी, सरकारने, की त्याने स्वतः? हा प्रश्न विमानाला लागू आहे, तसा मुंबई-गोवा महामार्गावरच्या ट्रकलाही लागू आहे. विमानाच्या निमित्ताने तो स्वच्छ दिसतो, एवढेच.

आता आपल्या ओळखीच्या जागेपासून सुरुवात करू. रायगड जिल्ह्याचे आरटीओ कार्यालय पेणला आहे. जिल्ह्यातल्या पुष्कळ गाड्यांच्या पाटीवर एम.एच. ०६ असते, ते इथलेच. मोटार चालवण्याच्या परवान्याचा अर्ज ज्यांनी भरला आहे, त्यांना फॉर्म नंबर १ आठवत असेल. त्यात अर्जदाराने आपल्या प्रकृतीविषयी आपल्याच सहीने लिहून द्यायचे असते. फेफरे येते का? अचानक शुद्ध हरपते का? दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो का? लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येतात का? रातांधळेपणा आहे का? चाळिशी ओलांडलेल्याला आणि भाड्याची वाहने चालवणाऱ्याला याखेरीज फॉर्म १-अ लागतो, म्हणजे डॉक्टरांचा दाखला. पुष्कळांनी ही उत्तरे न वाचताच खुणा करून टाकल्या असतील. ते असो. पण कायद्याचा रोख लक्षात घ्या. आपली मोटारसायकल चालवणाऱ्याच्या शब्दावर सरकार विश्वास ठेवते. भाड्याने उतारू नेणाऱ्याला मात्र डॉक्टरांकडे पाठवते.

आता पेणहून रोह्याला जाऊ. कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासून होतो. तिथून गाडी घेऊन निघणाऱ्या इंजिन ड्रायव्हरला हल्ली लोको पायलट म्हणतात. रेल्वेत वेगवेगळ्या कामांसाठी प्रकृतीच्या वेगवेगळ्या इयत्ता ठरवलेल्या आहेत. लोको पायलटची इयत्ता सर्वांत कडक, ए-वन. भरतीच्या वेळी त्याची नजर चष्म्याशिवाय साफ लागते आणि रंगांची पारख पक्की लागते. त्याच गाडीच्या कचेरीत हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला इतके कडक बंधन नाही. हेही तसेच न्यायाचे आहे. जितकी माणसे तुमच्या भरवशावर बसलेली, तितकी तुमची तपासणी कसून व्हायची.

हाच जिना चढत आपण विमानापर्यंत पोचतो. विमान चालवणाऱ्यांत ढोबळ मानाने दोन तऱ्हा आहेत. पगार घेऊन उतारूंना नेतो तो व्यावसायिक वैमानिक. स्वतःच्या हौसेने छोटे विमान उडवतो तो खासगी किंवा हौशी वैमानिक. याला भाडे घेऊन उतारू नेता येत नाहीत. मित्राला शेजारी बसवून हिंडवून आणावे, एवढीच मुभा.

हौशी वैमानिक म्हणजे रिकामटेकडा श्रीमंत, असे समजू नका. आपल्या देशाच्या विमानवाहतुकीची सुरुवात अशाच एका हौशी तरुणाने केली. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून अहमदाबादमार्गे मुंबई गाठली आणि जुहूला उतरले. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, त्यांनी तोच प्रवास छोट्या विमानातून पुन्हा केला. तेव्हा त्यांचे वय होते ७८. दुसरे उदाहरण मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया यांचे. १९८८ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी लंडनहून दिल्लीपर्यंतचा प्रवास अगदी हलक्या, ज्याला मायक्रोलाइट म्हणतात, अशा विमानातून केला. पुढे २००५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून ते सुमारे २१ हजार मीटर उंचीवर गेले आणि नाशिक जिल्ह्यात उतरले.

यावरून एक गोष्ट कळते. हौशी उड्डाणाला वयाची वरची मर्यादा नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणावर उतारूंचे मोठे विमान नेणाऱ्या वैमानिकाला मात्र ६५ व्या वर्षी खाली उतरावे लागते. हौशी माणसाला कायदा वय विचारतो तो एवढ्याचसाठी, की वय वाढले म्हणजे डॉक्टरांची भेट लवकर लवकर घ्यायची.

आता ही भेट कशी असते ते पाहू. आपल्याकडे हा कारभार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. लोक त्याला डीजीसीए म्हणतात. या खात्याने वैद्यकीय तपासणीचे तीन वर्ग ठेवले आहेत. व्यावसायिक वैमानिकाला पहिला वर्ग. शिकाऊ आणि खासगी वैमानिकाला दुसरा वर्ग. मनोऱ्यात बसून विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या नियंत्रकाला तिसरा वर्ग. इथे वर्ग म्हणजे परीक्षेतला फर्स्ट क्लास, सेकंड क्लास नव्हे, हं! कोणते काम, त्यावरून वर्ग ठरतो. शिकाऊ परवाना वयाच्या १६ व्या वर्षी मिळू शकतो, खासगी परवाना १७ व्या वर्षी, व्यावसायिक परवाना १८ व्या वर्षी. खासगी परवान्याला किमान ४० तासांचे उड्डाण लागते, व्यावसायिकाला २०० तासांचे. पण यातला पहिला तास मोजण्याआधी दुसऱ्या वर्गाचा दाखला हातात हवा. तोही कुठल्याही दवाखान्यातला चालत नाही. खात्याने नेमलेल्या डॉक्टरांनीच तपासावे लागते, आणि त्यांच्या अहवालावर निर्णय खाते देते.

डॉक्टर काय तपासतात? रक्त, लघवी, रक्तदाब, हृदयाचा आलेख, कान-नाक-घसा, डोळे. तुम्ही म्हणाल, ही तर नेहमीचीच तपासणी. खरे आहे, पण प्रत्येक तपासणीमागे आकाशातले एकेक कारण दडलेले आहे.

कानापासून सुरुवात करू. खोपोलीहून बोरघाट चढताना, किंवा कोलाडहून ताम्हिणी घाटाने पुण्याला जाताना कानांत दडे बसतात. आवंढा गिळला की टक्‌ करून मोकळे होतात. उंची वाढली की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. कानाच्या पडद्याआडची हवा घशाकडच्या बारीक नळीतून वाट काढते, म्हणून तो आवाज. सर्दीने ती नळी सुजली असेल, तर उतरताना कानात अशी कळ येते की माणसाला दुसरे काही सुचत नाही. छोट्या विमानात आतला दाब सांभाळण्याची सोय बहुधा नसते. म्हणून साधी सर्दीसुद्धा वैमानिकाला साधी नसते.

कानाचे दुसरेही एक काम आहे. मुलींनो, फुगडी घालून थांबलात की घर फिरतच राहते ना? कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांतला द्रव फिरू लागला की पाय थांबले तरी तो लगेच थांबत नाही, आणि मेंदूची फसगत होते. ढगात शिरलेल्या वैमानिकाला जमीन दिसत नाही. तेव्हा हाच कान त्याला सांगतो की विमान सरळ आहे, आणि ते तर एका अंगावर कललेले असते. निरोगी माणसाचाही कान इतका फसवतो. मग ज्याला मूळचीच भोवळ आहे त्याचे काय होईल?

आता हवा. पेण आणि रोहा समुद्रसपाटीलगतची गावे. इथे श्वासाला हवा भरपूर. १८,००० फुटांवर हवेचा दाब इथल्या निम्माच असतो. छोटी विमाने सहसा इतकी वर जात नाहीत. पण ८-१० हजार फुटांवरही विरळ हवेचा परिणाम जाणवू लागतो. रक्त कमी असलेल्याला आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तो लवकर जाणवतो. त्यात वाईट असे की, प्राणवायू कमी पडला तर माणसाला आपले बिघडले आहे असे वाटतच नाही. उलट आपण फार हुशारीने विमान चालवतो आहोत, असा भास होतो.

डोळ्यांचे आता सांगतो, आणि पेणकरांना ते चटकन पटेल. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कुणाही नवशिक्याच्या हाती देत नाहीत. स्थिर हात हवा, नजर हवी. आणि ज्याला शेला हिरवा की तांबडा हे नीट कळत नाही, त्याला रंगकामाला बसवत नाहीत. त्याला मातीकाम देतात, साच्याचे काम देतात. तो उत्तम कारागीर होऊ शकतो. विमानात मात्र रंगाला पर्याय थोडे. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. अंधारात समोरचे विमान कोणत्या दिशेने चालले आहे ते यावरून ओळखायचे. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतरण बरोबर. चारही पांढरे दिसले तर विमान फार उंच. चारही लाल दिसले तर फार खाली, म्हणजे धोका. रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यातून दिव्याने खूण करतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या घालत राहा.

रंगांची पारख पाहायला डॉक्टर ठिपक्यांची एक चोपडी दाखवतात. जपानचे नेत्रवैद्य इशिहारा यांनी ती १९१७ साली तयार केली. रंगीबेरंगी ठिपक्यांत एक आकडा लपवलेला असतो. डोळा चांगला असेल तर आकडा दिसतो. रंगदोष असेल तर दिसत नाही किंवा भलताच दिसतो. नजरेचेही माप ठरलेले आहे. दुसऱ्या वर्गाला प्रत्येक डोळ्याने किमान ६/१२ आणि दोन्ही मिळून ६/९, असे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. चष्मा लावून इतके दिसले तरी चालते. "चष्मा लागला, आता पायलट होता येणार नाही" ही गावोगाव पसरलेली समजूत चुकीची आहे. हवाई दलाचे नियम वेगळे. त्यांची आणि यांची गल्लत करू नये. नागरी उड्डाणात चष्मेवाला वैमानिक खुशाल विमान चालवतो. अट एवढीच की, जोडीला दुसरा चष्मा हाताशी ठेवायचा.

उरले हृदय, फेफरे आणि मधुमेह. छोट्या विमानात बहुधा एकच वैमानिक असतो. रस्त्यावर ड्रायव्हरला घेरी आली तर निदान गाडी थांबण्याची आशा असते. विमानाला आकाशात थांबता येत नाही. म्हणून क्षणात शुद्ध हरपवणारे जे जे आजार, त्यांच्याकडे डॉक्टर सर्वांत बारकाईने पाहतात. यातही शास्त्र पुढे सरकते आहे. इन्सुलिनची सुई घेणाऱ्याला पूर्वी बहुतेक देशांत वैमानिक होण्याचा विचारच सोडावा लागे. ब्रिटनने २०१२ पासून अशा काहींना कडक अटींवर व्यावसायिक उड्डाणाचेही दाखले द्यायला सुरुवात केली. उड्डाणातसुद्धा त्यांनी रक्तातली साखर वेळोवेळी तपासायची, अशी अट घातली. नियम कायमचा दगडावर कोरलेला नसतो, हे यातून दिसते.

तपासणीत काही दोष निघाला की सारे संपले, असेही नाही. कुणाला काही काळापुरते अपात्र ठरवतात. रक्तदाब आटोक्यात आणा, शस्त्रक्रियेनंतर बरे व्हा, मग पुन्हा या, असे सांगतात. निर्णय पटला नाही तर फेरतपासणी मागता येते. आणि मिळालेला दाखला जन्मभराचा नसतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खासगी वैमानिकाच्या दाखल्याची मुदत चाळिशीपर्यंत जास्तीत जास्त ६० महिने आणि चाळिशीनंतर २४ महिने. पन्नाशीनंतर दर वर्षी तपासावे, अशी शिफारस. एखादा देश याहून कडक मुदत ठेवू शकतो. म्हणून आपल्या दाखल्यावर जी तारीख छापली असेल, तीच आपली मुदत मानावी.

श्रोतेहो, इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की दाखला हातात आला, काळजी मिटली. खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

डॉक्टरांचा दाखला म्हणजे त्या दिवशीच्या प्रकृतीचा फोटो. सोमवारी तपासले, बुधवारी ताप आला. दाखला तर दोन वर्षांचा आहे. मग गुरुवारी विमान काढावे का? याचे उत्तर आंतरराष्ट्रीय नियमांनी स्पष्ट देऊन ठेवले आहे. आपली प्रकृती खालावली आहे, हे ज्याला स्वतःला ठाऊक आहे, त्याने मुदत शिल्लक असली तरी परवाना वापरायचा नाही. म्हणजे रोजचा डॉक्टर वैमानिक स्वतःच. चांगले शिक्षक आपल्या शिष्यांना उड्डाणाआधी सहा प्रश्न स्वतःला विचारायला शिकवतात. आजारी आहे का? काही औषध घेतले आहे का? मनावर ताण आहे का? मद्य घेतले आहे का? थकवा, जागरण आहे का? पोटात काही गेले आहे का, आणि मन ठिकाणावर आहे का? यांतल्या औषधाच्या प्रश्नाकडे लोकांचे दुर्लक्ष होते. सर्दीवरच्या कितीतरी गोळ्या गुंगी आणतात. मद्याबाबत आपला भारतीय नियम कडक आहे. प्याल्यानंतर १२ तासांच्या आत विमानाला हात लावायचा नाही. अमेरिकेत हीच मर्यादा ८ तासांची आहे.

आता वादाचा मुद्दा. दर वेळी खात्याच्या डॉक्टरांकडे जाणे, पैसा, वेळ, कागदपत्रे. हौशी वैमानिकाला हे सारे हवेच का? तो काही शेकडो उतारू नेत नाही. पेणच्या आरटीओत मोटारसायकलवाल्याच्या सहीवर विश्वास ठेवतात, तसा त्याच्यावर का ठेवू नये? हा प्रश्न परदेशात फार जोरात विचारला गेला आणि काही देशांनी नियम सैलही केले. अमेरिकेत २००४ पासून अगदी हलक्या, खेळातल्या विमानांसाठी मोटारीचा परवाना हाच प्रकृतीचा पुरावा मानला जाऊ लागला. १ मे २०१७ पासून तिथल्या खासगी वैमानिकांसाठी आणखी एक मधली वाट निघाली. पूर्वी एकदा खात्याचा दाखला मिळालेला असावा, मोटारीचा परवाना चालू असावा, दर ४ वर्षांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून ठरलेल्या यादीप्रमाणे तपासून घ्यावे, आणि दर २ वर्षांनी प्रकृतीविषयीचा एक छोटा अभ्यासक्रम पुरा करावा. ब्रिटनने २०१६ साली छोट्या विमानांच्या वैमानिकांना आपली प्रकृती ठीक असल्याचे स्वतःच लिहून देण्याची मुभा दिली. आपल्याकडे मात्र खासगी वैमानिकाला दुसऱ्या वर्गाचा दाखला अजून घ्यावाच लागतो.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कडक नियमाच्या बाजूने म्हणता येते की, छोटे विमानही पडते ते कुणाच्या तरी शेतावर, शाळेवर, घरावर. सैल नियमाच्या बाजूने म्हणता येते की, नेहमीचा डॉक्टर माणसाला वर्षानुवर्षे ओळखतो. अनोळखी डॉक्टरांना तासाभरात जे कळत नाही, ते त्याला कळते. पण मला यात अधिक महत्त्वाचे वाटते ते निराळेच. अमेरिकेच्या २००४ च्या नियमात एक कलम होते. ज्याने दाखल्यासाठी अर्ज केला आणि ज्याला तो नाकारला गेला, त्याला मोटारीच्या परवान्यावर विमान उडवता येणार नाही. कलम सरळ दिसते. पण त्याचा परिणाम काय व्हावा? ज्याला आपल्या हृदयाची शंका होती, त्याने डॉक्टरांकडे जाणेच टाळावे! तपासून घेतले आणि नकार मिळाला, तर दोन्ही वाटा बंद. तपासून घेतलेच नाही, तर एक वाट उघडी. शहाण्या माणसांनी केलेला नियम, आणि तो माणसाला डॉक्टरांपासून दूर पळायला शिकवतो.

हा धोका मोठ्या विमानांनाही चुकलेला नाही. २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून निघालेले जर्मनविंग्ज कंपनीचे विमान फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतावर आदळले आणि १५० माणसे गेली. चौकशीत निघाले की सहवैमानिकाने ते जाणूनबुजून खाली नेले. तो मनाच्या आजाराने ग्रासलेला होता. डॉक्टरांनी त्याला काम न करण्याविषयी लिहून दिलेले होते. त्याने ते कंपनीला कळूच दिले नाही. त्याच्याकडे वैमानिकाचा वैद्यकीय दाखला होता आणि मुदतीतला होता. कागद बरोबर, माणूस बरोबर नाही. या चौकशीनंतर तज्ज्ञांनी नुसते कडक तपासा असे म्हटले नाही. वैमानिकाला मनातले दुखणे सांगता येईल, ते सांगितल्याबरोबर त्याचे पोट मारले जाणार नाही, अशी व्यवस्था करा, असे त्यांनी सुचवले.

ही गोष्ट आपल्या गावातही रोज घडते. ट्रकवरच्या ड्रायव्हरला रात्री नीट दिसेनासे होते. तो सांगत नाही. मालक गाडीवरून उतरवील, घर कसे चालेल? फेफरे येणारा तरुण परवान्याच्या फॉर्मवर 'नाही' अशी खूण करतो. 'हो' म्हटले तर लग्नही जमणार नाही, अशी भीती. त्यांना खोटारडे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या गावात दुखणे सांगणाऱ्याची थट्टा होते किंवा भाकरी जाते, त्या गावात खरे कोण सांगेल? खरे सांगणाऱ्याला दुसरे काम देणारा मालक, आणि "बरं झालं सांगितलंस" म्हणणारे घर, यांच्यामुळे जितके अपघात टळतील, तितके नुसत्या शिक्क्याने टळणार नाहीत.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींसाठी आणि पालकांसाठी चार गोष्टी सांगतो.

एक. मुलांची नजर आणि रंगांची पारख शाळेतच पाहा. फळ्यावर काय लिहिले ते शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवणारा मुलगा आळशी नसतो. त्याला दिसत नसते. चित्रात झाडाची पाने तपकिरी रंगवणाऱ्या मुलाला छडी दाखवू नका. त्याला सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. लाल-हिरव्याचा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक आढळतो. तो बहुधा आईकडून मुलाकडे येतो, आणि आईला स्वतःला तो नसतो. तेव्हा यात कुणाचा अपराध नाही.

दोन. समजा, रोह्याच्या एखाद्या मुलीने बारावीनंतर वैमानिक व्हायचे ठरवले. बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर ही प्रशिक्षणाची गावे तिच्या कानी आली. या शिक्षणाला लाखो रुपये लागतात. जमीन गहाण टाकण्याआधी, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी, प्रशिक्षण संस्थेत पहिला हप्ता भरण्याआधी मुलीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. आधी दुसरा वर्ग. आणि पोटापाण्यासाठी विमान चालवायचे असेल तर पुढे लागणारा पहिला वर्गही सुरुवातीलाच. आधी पैसे भरले आणि मग रंगदोष निघाला, तर स्वप्नही गेले आणि जमीनही गेली.

तीन. तपासणीच्या वेळी मुलांना लपवायला शिकवू नका. "दम्याचं सांगू नकोस, विचारलं तरच बोल," असा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. लहानपणी दमा होता आणि आता नाही, हे डॉक्टरांना कळले तर ते तपासून योग्य तो निर्णय देतील. लपवले आणि पुढे उघडकीला आले, तर आजारासाठी गेला नसता तो परवाना खोटेपणासाठी जाईल.

चार. तपासणीत अपात्र ठरलेल्या मुलाला नापास म्हणू नका. विमानविद्येत दुरुस्तीचे इंजिनियर आहेत, हवामानाचे अभ्यासक आहेत, उड्डाणांची आखणी करणारे आहेत. रंगकाम जमले नाही म्हणून पेणच्या कारखान्यातून कुणाला हाकलून देत नाहीत, तसेच हे आहे. मात्र त्या कामांच्याही आपापल्या वैद्यकीय अटी असतात. त्या आधी विचारून घ्याव्यात.

तर मंडळी, पेण-रोह्यातून उद्या हौशी वैमानिक निघोत वा न निघोत, गाडीच्या चाकामागे आपण रोज बसतो. पुढच्या वेळी परवान्याच्या नूतनीकरणाला आरटीओत जाल, तेव्हा प्रकृतीचे प्रश्न एकदा सावकाश वाचा आणि उत्तरे खरी लिहा. आणि रात्री-बेरात्री गाडी काढण्याआधी ते सहा प्रश्न स्वतःला विचारा. त्याला डॉक्टरांची फी पडत नाही.